समुद्राकाठचं मैदान आणि सातबारा

गोल्फ खेळून आलो असं बदलापुरात कुणाला सांगितलं, की समोरचा आधी आपल्या पगाराचा अंदाज बांधतो. तर मंडळी, खुलासा करतो. एडिंबराला ऑनसाईट असताना एका वीकेंडला सेंट अँड्र्यूजला गेलो होतो. ट्रेनने लूकर्स, पुढे बस. तिथल्या जगप्रसिद्ध ओल्ड कोर्सवर मी खेळलो नाही. त्याला हँडिकॅपचं सर्टिफिकेट लागतं, वर सोडतीत नंबर लागावा लागतो. म्हाडाच्या घरासारखं!

पण जवळच बालगोव्ह नावाचा ९ होलचा कोर्स आहे, नवशिक्यांना आणि पोराटोरांना खुला. काठ्या भाड्याने मिळतात.

लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेती यांच्यामधली वाळूची, उंचसखल, पीक न येणारी जमीन. झाडं जवळपास नाहीतच, आखूड कडक गवत आणि वारा. काय वारा! चेंडू उंच मारला की तो गेलाच. म्हणून बुटका मारायचा आणि जमिनीवरून घरंगळू द्यायचा. खिडक्यांच्या धाकाने गल्ली क्रिकेटमध्ये लागलेली सवय इथे कामी आली. पार ३०, माझे फटके ७१. असो.

खरी मजा पुढे आहे. ही जमीन कुठल्या क्लबची नाही, गावाची आहे. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टनला इथे ससे पाळायचे होते. त्या परवानगीच्या कागदातच गावकऱ्यांचा इथे गोल्फ, फुटबॉल खेळायचा हक्क नोंदवून ठेवला. पुढे १७९७ मध्ये गावाचा खजिना रिकामा झाला आणि जमीन सशांच्या व्यापाऱ्यांकडे गेली. मग कोर्टकचेऱ्या, भांडणं... १८२१ मध्ये एका गोल्फवेड्या जमीनदाराने ती विकत घेऊन वाचवली. १८९४ मध्ये गावाने ती परत मिळवली, आणि १९७४ पासून संसदेच्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट ती सांभाळतो. हे सगळं एका मैदानासाठी!

स्पर्धा वगैरे सोडल्या तर रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद. मग गाव तिथे फिरायला येतं. मीही गेलो. स्विल्कन ओढ्यावरच्या त्या दगडी पुलावर आजीआजोबा फोटो काढत होते, अठराव्या होलच्या हिरवळीशेजारून बाबागाड्या चालल्या होत्या, कुत्री मोकाट. कुणी हटकत नव्हतं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. आम्ही टेनिस बॉलने खेळायचो ते स्टेशनकडचं मैदान आता एका टॉवरच्या पार्किंगखाली आहे. म्हटलं, "बाबा, त्या मैदानाचा सातबारा कुणाच्या नावावर होता हो?"

"सरकारी असेल रे," बाबा म्हणाले. मग आईला विचारलं, तिने शेजारच्या काकांना हाक मारली. काका म्हणाले, ट्रस्टचं होतं. काकू म्हणाल्या, छे, कुणा शेतकऱ्याचं.

पंचवीस वर्षं सगळे त्या मैदानासमोर राहिले होते.