नाशिकहून बाटुमीला

दोस्तांनो, बाटुमी हे नाव कधी ऐकलंय? नकाशा काढा आणि काळा समुद्र शोधा. त्याच्या उजव्या टोकाला, तुर्कस्तानला लागून जॉर्जिया नावाचा छोटासा देश आहे. त्याचं हे बंदर. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे जाऊन आले. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. तिकीट काढलं ते फक्त पिंपळगाव ते नाशिक एसटीचं, तेही अर्धं! थापा वाटतात ना? ऐका तर.

माझी शाळा निफाड तालुक्यात. ओझरचा विमान कारखाना जवळच, त्यामुळे आमच्या गणिताच्या तासाला अधूनमधून सुखोई येतो. म्हणजे त्याचा आवाज येतो. मी खडू धरून थांबते, तो गेला की 'हातचा एक' पुढे चालू. याच ओझरला पूर्वी मिग-२१ विमानं तयार व्हायची. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हा चौथीतल्या एका पठ्ठ्याने विचारलं, "बाई, तुम्ही बसलात का कधी विमानात?" नाही हो. साध्या प्रवासी विमानातसुद्धा नाही.

आणि त्याच आठवड्यात ताईचा फोन. "तू मास्तरीण ना? मग ये आणि तूच काय ते ठरव. तुझा भाचा सुट्टीभर बॉम्ब टाकत बसणार आहे."

भाचा अकरावीत आहे. त्याने संगणकावर 'डीसीएस वर्ल्ड' नावाचा लढाऊ विमानाचा सिम्युलेटर घेतला होता. सिम्युलेटर म्हणजे खऱ्यासारखं खोटं यंत्र. ही कल्पना काही आजची नाही बरं का. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना. आपल्या पेटीला भाता असतो ना, तसे मोठे भाते ऑर्गनला असतात. त्या भात्यांवर त्याने लाकडी विमान बसवलं, १९२९ साली. दांडा हलवला की भाते फुगायचे आणि विमान जागच्या जागी झुकायचं. सुरुवातीला तो जत्रेतला पाळणाच ठरला. पण १९३४ मध्ये टपाल नेताना वाईट हवेत सैन्याचे वैमानिक एकामागून एक दगावले, तेव्हा सैन्याने त्याच्याकडून सहा यंत्रं घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या पेटीत शिकले.

"मावशी, हा गेम नाही," भाच्याने आधीच बजावलं. त्याच्याकडच्या एका विमानाचं माहितीपुस्तक सहाशेच्या वर पानांचं! इंजिन सुरू करायचं तर बॅटरी, मग इंधन, मग पंप, मग आणखी काहीबाही, सगळं क्रमाने. एक खटका चुकला की बसा बोंबलत. मूळ सिम्युलेटर फुकट मिळतो, त्याच्याबरोबर दोन विमानंही. बाकीच्या विमानांना मात्र हजारो रुपये पडतात. शिवाय जॉयस्टिक लागते, संगणकही दणकट लागतो. ताईचा अर्धा राग तिथेच होता.

त्याने मला खुर्चीत बसवलं. विमान होतं सुखोई-२५टी, फुकटातल्या दोघांपैकी एक. खाली डोंगर, नदी, रस्ते, घरांची छपरं. इतकं खरं, की मी खुर्चीचा हात घट्ट धरला. "आता त्या गावाजवळ रणगाडे दिसतील," तो म्हणाला.

"कुठलं गाव ते?"

"गोरी."

आता शिक्षकाची खोड जाते का? मी म्हटलं, थांब, आधी नकाशा दाखव. तर हे गोरी खरोखरचं गाव निघालं. आम्ही माहिती काढली. २००८ च्या ऑगस्टमध्ये रशिया आणि जॉर्जियाचं पाच दिवसांचं युद्ध झालं, त्यात गोरीवर खरे बॉम्ब पडले. राहत्या इमारती पेटल्या, साधी माणसं मेली. दोन्हीकडे सुखोई-२५ विमानं होती. आणि हे विमान पूर्वी तयार कुठे व्हायचं? जॉर्जियाच्याच राजधानीत, तिबिलिसीला!

मला एकदम आमची शाळा दिसली. आमच्या गावाचं असं चित्र कोणी काढलं, अगदी पत्र्यापर्यंत खरं, आणि कुठल्या तरी दूर देशातला एखादा मुलगा त्यावर विमान आणायला लागला तर? मी जॉयस्टिक सोडली. "मला नाही करायचं."

भाचा गप्प बसला. मग म्हणाला, "मावशी, मला एनडीएला जायचंय. तिथे मी नाही म्हणू शकेन का?"

काय सांगणार? मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ताईला चकल्या तळू लागले. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं, खरंच विचार करून बघा. मला तेव्हा सुचलं नाही, आणि अजूनही नीटसं सुचत नाही.

अर्ध्या तासाने तोच आत आला. "फुकटातलं दुसरं विमान आहे. जुनं, मस्टँग, शिकवणीचं. त्याला बंदुकाच नाहीत. बाटुमीहून उडायचं. चल की!"

आता मात्र मला मोह झाला. बंदूक नाही म्हटल्यावर काय अडचण? पण त्या विमानाने माझी चांगलीच जिरवली. त्याचं तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे नाक वर आणि समोरचं काही दिसतच नाही. जमिनीवरून जाताना नागमोडी जायचं आणि बाजूच्या काचेतून रस्ता बघायचा. पंखा इतका जोरदार, की वेग दिला की विमान डावीकडे पळतं, नवा बैल जसा तास सोडून पळतो तसं. उजवीकडे आवरून धरावं लागतं. पहिल्यांदा मी गवतात गेले. दुसऱ्यांदा पंखा जमिनीत घुसला. तिसऱ्यांदा काय झालं ते कळलंच नाही. ताई दारात उभी राहून हसत होती. चकल्या थंड!

चौथ्यांदा चाकं सुटली. आणि दोस्तांनो, समोर काळा समुद्र! नावालाच काळा, चांगला निळाशार. बाटुमीची धावपट्टी समुद्राला अगदी लागून आहे. तिथल्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. भाचा शेजारी बसून माहिती वाचत होता. दूर बाकूच्या खाणींतलं तेल शंभर वर्षांपूर्वी नळाने याच बंदरात यायचं. मी उजवीकडे वळून किनारा धरला. थोडं पुढे चाक्वी. तिथे १८९३ साली एक चिनी जाणकार आला आणि त्याने चहाचे मळे उभे केले. म्हणजे आपल्या चहाचा लांबचा भाऊबंदच की! त्यापुढे कोबुलेती, आणि पलीकडे कॉकेशसचे डोंगर. त्या रांगेत एल्ब्रुस आहे, ५,६४२ मीटर उंच. कळसूबाई १,६४६. वजाबाकी तुम्ही करा.

उतरायला मात्र जमलं नाही. वेग फार झाला आणि मी थेट समुद्रात!

रात्री भाचा बराच वेळ एकटाच बसला होता. मला वाटलं, पुन्हा रणगाडे. जाऊन बघते, तर गोरीचे २००८ मधले फोटो बघत होता. मी काही बोलले नाही, त्यानेही बोलायचं टाळलं. ताईने विचारलं, "मग? ठेवायचं का काढून टाकायचं?" मी म्हटलं, "मला आधी उतरता येऊ दे. पुढच्या रविवारी येते."

शाळा उघडल्यावर हे सगळं वर्गात सांगितलं. तेवढ्यात वरून सुखोई गेला. मी सवयीने थांबले. तो पठ्ठ्या बाकावरून म्हणाला, "बाई, त्यांना उतरता येतं."