भिजलेल्या शेंगा

प्रिय वहिनी,


काढून ठेवलेल्या भुईमुगाच्या शेंगांवर पाऊस पडल्याचं दादाने फोनवर सांगितलं. वाईट वाटलं. पण बुरसटलेल्या शेंगा घाण्यावर देऊन पेंड गाईला घालायची म्हणाला, तेव्हापासून जिवाला चैन नाही. वहिनी, एवढं होऊ देऊ नका.

दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी धरते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. बुरशी पुसली, दाणे धुतले, तरी ते आत राहतं. भाजूनही पुरतं जात नाही. घाण्याच्या तेलात थोडं उतरतं, पेंडीत बरंच उरतं. गाईने ती पेंड खाल्ली की त्याचंच बदललेलं रूप दुधात येतं आणि दूध उकळल्याने ते नाहीसं होत नाही. तेच दूध घरातली पोरं पिणार.

1960 साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर संशय गेला आणि त्यातून हे विष सापडलं. मला मात्र 1974 सालचं जास्त सलतं. राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातेतलं पंचमहाल, दोन्हीकडे आदिवासींचा मका अवकाळी पावसात भिजला आणि त्याला हीच बुरशी लागली. खायला दुसरं नव्हतं, तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, 106 माणसं गेली. त्याच घरांतलं उष्टं खाणारी कुत्रीसुद्धा मेली. त्या लोकांपुढे दुसरा मार्गच नव्हता हो. आपल्यापुढे आहे.

‘आजवर खाल्लं, काय झालं?’ असं दादा म्हणेल. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हेपटायटिस बी असलेल्याला तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. एका दिवसात दिसणारं हे दुखणं नव्हे.

उरलेल्या शेंगा कडक वाळवा, हलवल्यावर दाणा आत खुळखुळला पाहिजे. फुटक्या, काळपट, सुरकुतलेल्या वेगळ्या काढा. निवडताना तोंडाला फडकं बांधा. पोती जमिनीवर नको, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. खाताना दाणा कडू लागला तर गिळू नका, थुंकून टाका. वेगळा काढलेला माल कोंबड्यांनाही न घालता खड्ड्यात पुरा.

घाण्याची गाडी भरायच्या आधी हे दादाला वाचून दाखवा. नुकसान मोठं आहे, मला कळतं. पुढच्या बियाण्याचे पैसे मी पाठवते, त्यावरून त्याने वाद घालू नये.

तुमची,
सुमन