ऐरण, भिंग आणि काकपद

हिऱ्याच्या परीक्षेचा विषय निघाला की मराठीच्या वर्गात प्रथम तुकोबांची ऐरण येते. घणाखाली टिकेल तो हिरा, ही कसोटी त्यांच्या अभंगामुळे आपल्या बोलण्यात पुरती मुरली आहे. खनिजशास्त्राचा निर्णय मात्र वेगळा आहे. हिरा कठीण खरा, म्हणजे त्यावर ओरखडा उठवायला बहुधा दुसरा हिराच लागतो. पण तो चिवट नाही. त्याच्या स्फटिकात काही ठरावीक प्रतले अशी असतात की त्यांच्या रोखाने घाव बसला तर तो सरळ दुभंगतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ साली, म्हणजे तुकोबांच्या जन्माआधीच, छापलेल्या ग्रंथात ऐरणीची समजूत खोडून काढली होती. त्यामुळे अभंगाला उणेपणा येत नाही. तेथे कसोटी संताची आहे. आम्हांला कुतूहल आहे ते परीक्षक नेमके काय शोधतो याचे.

आजचा परीक्षक घण नव्हे, भिंग हाती घेतो. वजन, रंग, निर्मळता आणि पैलू अशा चार अंगांनी तो प्रत ठरवतो. वजन कॅरेटमध्ये, एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. रंगाची श्रेणी 'डी'पासून 'झेड'पर्यंत, आणि तीत बिनरंगी खडा सर्वांत वरचा. निर्मळता ठरते ती दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून आतले दोष पाहून. या दोषांची नावे मोठी काव्यमय आहेत: ढग, पीस, सुई. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही हिऱ्याचे दोष येतात. काकपद, मक्षिका, केश. कावळ्याचा पाय, माशी, केस! सुमारे दीड हजार वर्षांच्या अंतराने दोन परीक्षक एकाच जातीच्या खड्यात डोकावतात आणि दोघांनाही पाखरांच्या खुणा दिसतात, हे साहित्याच्या माणसाला सुखावणारेच आहे.

पण हे दोष येतात कोठून? बहुतेक हिरे जमिनीखाली सुमारे १५० ते २०० किलोमीटरवर, प्रचंड दाबाखाली आणि हजार अंशांच्या आसपासच्या तापमानात घडले. (कोळशाचा हिरा होतो हे वाक्य भाषणापुरते ठीक आहे, बहुसंख्य हिरे जमिनीवर झाडे उगवण्याच्या कितीतरी आधीचे आहेत.) पुढे किंबर्लाइट नावाच्या खडकाच्या उद्रेकांनी ते वर आणले. घडताना भोवतालच्या खनिजांचे कण स्फटिकात अडकतात. शुद्ध कार्बनवरून हिऱ्याचे वय काढता येत नाही. ते काढतात या अडकलेल्या कणांवरून, आणि ते शंभर कोटी, तीनशे कोटी वर्षे असे भरते. म्हणजे पूर्ण निर्दोष हिऱ्याला जन्मतिथी नाही. ज्याची किंमत काकपदाने घटली, त्याच्यापाशीच त्याचा दाखला आहे.

पाठचिकित्सेचा तास घेणाऱ्यांना हे अनोळखी वाटू नये. दोन हस्तलिखितांचे नाते जुळते ते त्यांतल्या बिनचूक ओळींवरून नव्हे, तर दोहोंत सारख्या आढळणाऱ्या चुकांवरून. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे त्यांचे उपकारच. तरीही त्यांनी बाजूला सारलेले अपपाठ हाती असते तर, असे अभ्यासकाला वाटल्यावाचून राहत नाही.

२०१४ साली ब्राझीलमधल्या जुईना भागातल्या एका हिऱ्याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध झाला. खडा तपकिरी, ओबडधोबड, सुमारे वीस डॉलरांना घेतलेला. दागिन्याच्या दृष्टीने कुचकामीच. त्यात रिंगवुडाइट या खनिजाचा डोळ्यांना न दिसणारा कण सापडला. हे खनिज ४१० ते ६६० किलोमीटर खोलीच्या पट्ट्यात असते असे तर्काने ठरले होते. पृथ्वीच्या पोटातला त्याचा नमुना तोवर कोणाच्या हाती आला नव्हता. त्या कणाच्या वजनात दीड टक्क्याच्या आसपास पाणी निघाले. तेवढ्या खोलीतही खडकांत पाणी मुरलेले असल्याची पहिली प्रत्यक्ष साक्ष त्या खड्याने दिली.