शेतीचा जमाखर्च आणि आईची मजुरी

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 'सेंद्रिय शेती' हा निबंध दिला की मुलं काय लिहिणार ते आपल्याला पाठ आहे. जमीन सुपीक राहते, विषमुक्त अन्न मिळतं, पर्यावरण वाचतं. सगळं खरंच आहे. पण शेतावर घर चालवणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, परवडतं का? पाचवीला नफा-तोटा शिकवताना मी हाच प्रश्न फळ्यावर लिहिला.

उदाहरणाला जीवामृत घेतलं. सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीत एका एकरासाठी २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती लागते. गूळ-बेसनाचे भाव मुलांनी घरून विचारून आणले. शेणापुढे मात्र सगळ्यांनी शून्य मांडलं. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, शेण फुकट कसं? वैरण विकत आणतो. आणि गोठ्यातलं सगळं आईच करते."

वर्ग गप्प झाला. खरंच आहे ना? तणनाशक बंद केलं की खुरपणी वाढते. बाहेरची बाई लावली तर मजुरी लिहितो, घरची राबली तर शून्य! म्हणून कागदावर खर्च कमी दिसतो. कृषी खर्च व मूल्य आयोगसुद्धा पिकाचा खर्च काढताना घरच्यांच्या श्रमाची किंमत धरतो. मग आपल्या वहीत ती का नको?

दुसरी गोष्ट भावाची. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांना साधारण २ वर्षं आणि फळबागांना ३ वर्षं थांबावं लागतं. या काळात उत्पन्न घटू शकतं, पण 'सेंद्रिय' म्हणून जास्तीचा भाव मिळत नाही. हा भार एकट्या कुटुंबाने उचलायचा का, हे आपण मोठ्यांनी बोलायला हवं.

म्हणजे ही शेती तोट्याचीच, असं नाही. खतं-औषधं उधारीवर आणली नाहीत, तर पावसाने दगा दिला तरी दुकानदाराचं देणं डोक्यावर राहत नाही. ही बचतही जमेत धरायला हवी.

पालकहो, यंदा मुलांकडून एका पिकाचा जमाखर्च लिहून घ्या. एक रकाना 'घरच्यांची मजुरी' असा ठेवा. गणित तर पक्कं होईलच, पण आई दिवसभर काय करते तेही मुलांना आकड्यांत दिसेल.