फेस येतो, पण हत्तीला पुरत नाही

गणपती जवळ आले की आमच्या भागातल्या मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडला गिऱ्हाईक वाढतं. पूर्वी ही तपकिरी बाटली मागायला यायचा तो गुडघा फोडून घेतलेल्या पोराचा बाप. जखमेवर ओतलं की पांढरा फेस यायचा, पोरगं बोंबलायचं, विषय संपायचा. आता गिऱ्हाईक म्हणजे सहावी-सातवीतली मुलं. सोसायटीच्या गणपतीत एका संध्याकाळी 'विज्ञानाची जादू' असते आणि तिच्यात 'हत्तीची टूथपेस्ट' असलीच पाहिजे, असा रिवाजच पडलाय.

यंदा हा मान माझ्या भाचीचा होता. क्लबहाउसच्या टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर थंड पेयाची रिकामी अर्ध्या लिटरची बाटली. आत शंभर मिलिलिटर पेरॉक्साइड, भांड्याचं लिक्विड, थोडा लाल खायचा रंग. शेजारी वाटीत कोमट पाण्यात भिजवलेलं यीस्ट. पुढच्या रांगेतल्या पोरांनी मोबाइल वर धरले. तिने वाटी ओतली. काहीच झालं नाही. मग आत खळबळ दिसली, गुलाबी फेस मंद गॅसवरच्या दुधासारखा सावकाश गळ्यापर्यंत चढला, तोंडाशी जरा थबकला आणि बाटलीच्या अंगावरून ओघळत चादरीवर बसला.

"एवढंच?" पहिल्या रांगेतून आवाज आला.

"व्हिडिओत तर छताला लागतं," दुसरा.

भाचीचं तोंड पडलं. मला मात्र त्या पोरांचा राग आला नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. व्हिडिओत खरंच छताला लागतं. फरक बाटलीत आहे, आणि तो लेबलावरच लिहिलेला असतो, फक्त कोणी वाचत नाही. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळतं ते पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं, 'वीस व्हॉल्यूम'. म्हणजे एका मिलिलिटरमधून साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन. शंभर मिलिलिटर ओतलं तर फार तर दोन लिटर वायू सुटणार, त्यातलाही बराचसा साबणाच्या बुडबुड्यात न अडकता तसाच निघून जाणार. अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानात तर ३ टक्क्यांचंच मिळतं, म्हणजे तिथल्या घरगुती जादूगारांपेक्षा आपली पोरं अंमळ पुढेच आहेत! पण जे व्हिडिओ लाखो लोक पाहतात, त्यांत ३० टक्क्यांचं किंवा त्याहून कडक वापरलेलं असतं. तेवढ्याच शंभर मिलिलिटरमधून दहा लिटर. शिवाय या क्रियेत उष्णता सुटते. ६ टक्क्यांच्या बाटलीला हात लावला तर ती गरम लागते, इतकंच. ३० टक्क्यांत पाणी उकळायला लागतं आणि फेसाबरोबर वाफेचा लोटही उठतो. यीस्टऐवजी तिथे पोटॅशियम आयोडाइड असतं, ते क्षणात कामाला लागतं. यीस्टमधलं कॅटालेज आपल्या गतीने चालतं. आणि गंमत म्हणजे हेच कॅटालेज आपल्या रक्तात असतं. फुटलेल्या गुडघ्यावर जो फेस यायचा, तोच हा. हत्ती मध्येच कुठून तरी आला.

एवढी बेरीज-वजाबाकी मी तिथे केली नाही. मला आठवत होती दुसरीच संध्याकाळ.

१९८७ साली भारत जन विज्ञान जत्था निघाला. देशाच्या निरनिराळ्या भागांतून फिरत तो नोव्हेंबरात भोपाळला पोचला, वायुकांडाच्या गावी. पुढे १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. त्या काळात आमच्यासारख्या गावांतही चमत्कारांमागचं विज्ञान दाखवणारे कार्यकर्ते यायला लागले. झोळी, खादीचा नाहीतर टेरिकॉटचा सदरा, एसटीने प्रवास. मारुतीच्या पारावर कार्यक्रम. दिवेलागणीची वेळ मुद्दाम धरलेली. लाइट असलीच तर एक पिवळा बल्ब, नसली तर गॅसबत्ती.

कार्यकर्त्याने मांडी घातली. पुढ्यात घमेल्यात चार विटा, समिधा, कापूर. गावातल्याच एका म्हाताऱ्याला बोलावून काडेपेटी त्याच्या खिशात ठेवायला दिली, म्हणजे लबाडीला जागा नको. मग डोळे मिटून मंत्र. खरं तर मंत्र नव्हेतच, बेस्टच्या बसथांब्यांची नावं चालीवर म्हणत होता, हे आम्हांला नंतर कळलं. पळीतून 'तूप' सोडलं. सगळे गप्प. पाच सेकंद, दहा सेकंद. समिधांतून एक करडी रेघ वर आली, तिची जाड धुराची दोरी झाली, आणि एकदम भपकन ज्वाळा, कडेला जांभळट झाक असलेली. बायकांनी हात जोडले. पोरं मागे सरकली. म्हातारा खिसा चाचपून काडेपेटी आहे ना ते पाहत होता.

मग कार्यकर्त्याने दोन बाटल्या वर धरून दाखवल्या. एक ग्लिसरीन, थंडीत ओठांना लावायचं. दुसरं पोटॅशियम परमँगनेट, जे ग्रामपंचायत विहिरीत टाकायची आणि पाणी दोन दिवस गुलाबी दिसायचं. समिधांखाली ते दाणे आधीच पसरलेले, तुपाच्या नावाखाली ग्लिसरीन. दोन्ही वस्तू आमच्या घरात होत्या. त्या क्षणी गावभर जो 'आँ' उठला, तो ज्वाळेच्या वेळच्या 'आँ'पेक्षा मोठा होता.

आता मी विचार करतो तेव्हा त्या प्रयोगाचं यश कार्यकर्त्याच्या चातुर्यात जेवढं होतं तेवढंच मालात होतं, असं वाटतं. मेडिकलचं ग्लिसरीन म्हणजे जवळजवळ निव्वळ ग्लिसरीन. परमँगनेटचे दाणे म्हणजे निव्वळ परमँगनेट. घरात सापडणारी ही दोन्ही द्रव्यं पूर्ण ताकदीची. आजच्या घरगुती प्रयोगातलं जवळजवळ प्रत्येक द्रव्य मात्र पाण्यात बुडवलेलं असतं. पेरॉक्साइड ६ टक्के. व्हिनेगर साधारण ४ टक्के. खाण्यापिण्याच्या नाहीतर अंगाला लावायच्या वस्तू तशाच असायला हव्यात, त्यात वाईट काही नाही. पण शंभरातलं चौऱ्याण्णव पाणी ओतून आकाश गाठायचं म्हटलं तर कसं व्हायचं?

आणि तो उशीर. तेव्हा ती दहा सेकंदं कार्यक्रमाचा गाभा होती. मंत्र त्यासाठीच होता. ग्लिसरीन दाट, ते दाण्यांमध्ये झिरपायला वेळ लागतो. दाणे बारीक वाटलेले असले तर लवकर पेटतं, जाडेभरडे असले तर उशिरा. थंडी असली तर आणखी उशिरा. एकदा दुसऱ्या गावात पौषातल्या गारठ्यात प्रयोग चालला होता. मंत्र संपला, समिधा ढिम्म. कार्यकर्त्याने बसथांबे पुन्हा पहिल्यापासून घेतले, मग पंचायत समितीच्या सदस्यांची नावं, मग साखर कारखान्याचं संचालक मंडळ. उपाध्यक्षांच्या नावाला धूर निघाला. लोक हसून लोळले. प्रयोग फसता फसता राहिला होता, पण कोणीही 'एवढंच?' म्हणालं नाही, कारण किती व्हायला हवं याचं माप कोणाकडेच नव्हतं. आज पहिल्या रांगेतल्या पोराकडे ते माप असतं, आणि त्याने ते घेतलेलं असतं दिवे लावून, काळ्या पडद्यापुढे, हळू गतीने चित्रित केलेल्या आणि फसलेले सगळे प्रयत्न कापून टाकलेल्या दृश्यावरून. आमच्या भाचीच्या फेसामागे होती पांढरी चादर आणि वर पांढरी ट्यूबलाइट. तिसऱ्या रांगेत बसलेल्या काकूंना फेस दिसलाच नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या त्या शेजारणीचं पाहून.

ज्वालामुखीचीही तीच कथा. प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा एक डोंगर असतो, त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर. पहिल्यांदा ओतलं की फुस्स होतं, एक ओघळ निघतो, मग पोरं अर्धा पुडा सोडा आणखी टाकतात आणि काहीच होत नाही. होणार कसं? शंभर मिलिलिटर व्हिनेगरात अॅसिड चारच ग्रॅम. ते संपवायला चमचाभर सोडा पुरतो, त्यातून दीडेक लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. उरलेला सोडा तळाशी नुसता बसून राहतो. वाढवायचं तर व्हिनेगर वाढवायला हवं, आणि भांड्याचं लिक्विड टाकलं नसेल तर वायू न दिसता निघून जातो, लाव्हा येतच नाही. याहून मजेची गोष्ट कोणी सांगत नाही. हा ज्वालामुखी थंड असतो! क्रिया चालू असताना भांड्याला हात लावून पाहा, गार पडलेलं लागेल.

आमच्या शाळेतला ज्वालामुखी मात्र पेटायचा. वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनाच्या आधी, शास्त्राचे सर अॅस्बेस्टॉसच्या जाळीवर अमोनियम डायक्रोमेटचा नारिंगी ढीग करायचे आणि माथ्यावर पेटती काडी टेकवायचे. मग ते आपोआप चालायचं. ठिणग्या उडायच्या, नारिंगी ढिगाच्या पोटातून हिरवी भुसभुशीत राख फुलत बाहेर यायची आणि मूळ ढिगाच्या कितीतरी पट जागा व्यापायची. नायट्रोजन आणि वाफ निघून जायची, मागे राहायचं क्रोमियम ऑक्साइड. खरं सांगतो, त्यापुढे सोड्याचा डोंगर म्हणजे थट्टाच. 'ज्वालामुखी' या प्रयोगाची जी चढी अपेक्षा आईबापांच्या मनात असते, ती या नारिंगी ढिगाने तयार केलेली आहे. मुलांनी तो पाहिलेला नसतो, पण आईबाप घरात सांगत असतात ना, 'आमच्या वेळी बघायला हवं होतंस'.

पण आमच्या वेळी आणखीही काय काय होतं. ते डायक्रोमेट कर्करोगाला कारण ठरणाऱ्या क्रोमियमचं. ठिणग्यांबरोबर न जळालेले कणही उडायचे, आणि आम्ही नाकं पुढे करून उभे. जाळी अॅस्बेस्टॉसची. थर्मामीटर फुटलं की पारा तळहातावर घेऊन त्याच्या गोळ्या एकमेकींत मिसळायच्या, हा मधल्या सुट्टीतला खेळ. आज हे सगळं शाळेतून गेलं, ते योग्यच झालं. त्याबद्दल उसासे टाकणाऱ्यांना मी सामील नाही.

शिवाय वर्षातली ती एक दुपार सोडली तर आमचं रसायनशास्त्र कसं चालायचं? चाळीस-पन्नास पोरं, एक टेबल, एक परीक्षानळी. सर म्हणायचे, "बघा, रंग बदलला." मागच्या बाकांवरून दिसायची फक्त सरांची पाठ. आम्ही जर्नलमध्ये 'निरीक्षण'खाली लिहायचो, रंग बदलला. तेही बहुतेक वेळा वरच्या वर्गातल्या कोणाच्या तरी जर्नलवरून. हायड्रोजन सल्फाइडचा तास मात्र अपवाद. तो मागच्या बाकालाच नव्हे, शेजारच्या तुकडीलाही पोचायचा.

एक गोष्ट मात्र तेव्हाही आणि आताही कोणाला निराश करत नाही. लिंबू-सोडा. गाडीवाला गोळी दाबून बाटली फोडायचा (ही गोळीची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट केलेली), ग्लासात ओतायचा आणि वरून चिमूटभर मीठ टाकायचा. फसफसून फेस काठाबाहेर. मिठाच्या खरबरीत कणांवर विरघळलेल्या वायूला बुडबुडे धरायला जागा मिळते. कोलाच्या बाटलीत पेपरमिंटच्या गोळ्या टाकून जे कारंजं उडवतात, आणि २००५ मध्ये स्टीव्ह स्पँगलर नावाच्या अमेरिकन शिक्षकामुळे जे जगभर पसरलं, तेही मूळ हेच. घरी ते फसतं, कारण बाटली फ्रिजमधून काढलेली असते. थंड पेय आपला वायू सहजी सोडत नाही. गाडीवाल्याकडून कोणी कारंज्याची अपेक्षाच करत नाही, आणि वरून तो प्रयोग प्यायलाही मिळतो.

कार्यक्रमानंतर भाची माझ्याशेजारी येऊन बसली.

"मामा, ते तीस टक्केवालं कुठे मिळतं?"

"नाही मिळत. आणि मिळालं तरी नाही."

"का?"

"हातावर उडालं की कातडी पांढरी पडते, भाजते. डोळ्यात गेलं तर विचारू नकोस. व्हिडिओतल्या माणसाचे हातमोजे आणि चष्मा पाहिलास ना?"

तिने विचार केला. मग आम्ही दोघांनी कागद घेऊन बसून पुढच्या वर्षीची यादी केली. पेरॉक्साइड तेवढंच, पण नव्या सीलबंद बाटलीतलं, कारण उघडून ठेवलेलं उतरत जातं. बाटली लहान आणि अरुंद गळ्याची, म्हणजे तोच फेस उंच चढेल. मागे काळं कापड. ट्यूबलाइट बंद, खालून एक टॉर्च. यीस्ट ओतल्यावर गप्प उभं न राहता काहीतरी बोलत राहायचं. काय बोलायचं ते तिने लगेच ठरवलं: पुणे मेट्रोची स्टेशनं, वनाजपासून रामवाडीपर्यंत.

फक्त परवानगीचा प्रश्न आहे. लाल खायच्या रंगाचा डाग क्लबहाउसच्या फरशीच्या सांध्यांत बसलाय, आणि तो कोणी काढायचा यावर सेक्रेटरी आणि माझी बहीण यांच्यात अजून बोलणं चालू आहे. मी पेरॉक्साइड सुचवलं. उरलेलं अर्धी बाटलीभर आहे घरात.