कानात बसलेले दडे

आमच्या महाडहून महाबळेश्वरला जायचे म्हणजे आधी पोलादपूर गाठायचे आणि मग आंबेनळी घाट चढायचा. पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. एवढ्या वाटेत गाडी कोकणच्या सखल भागातून सुमारे १३५० मीटर उंचीवर जाते. घाट निम्मा होतो न होतो तोच गाडीतली माणसे गप्प होतात. कोणी जांभई देतो, कोणी कानात करंगळी घालून हलवतो, तर कोणी उगाचच आवंढे गिळतो. शेजारी बसलेल्याचे बोलणे भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटते. मराठीत याला 'कानात दडे बसणे' असे म्हणतात.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि मराठी शिकवते. सहलीहून परतल्यावर वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "टीचर, घाटात आपल्या कानात काय जातं?" मुलांनो, कानात काही जात नाही. उलट, जे आत आहे त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही, म्हणून हा त्रास होतो.

आपल्या डोक्यावर हवेचा मोठा थर आहे. त्या हवेला वजन आहे. आपण जसजसे वर चढतो, तसतसा आपल्या वरचा थर कमी होतो आणि हवेचा दाबही कमी होतो. ही गोष्ट फ्रान्समध्ये १६४८ साली पडताळून पाहिली गेली. पास्कल नावाच्या शास्त्रज्ञाने आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन डोंगरावर पाठवले. पास्कलची प्रकृती नाजूक होती, म्हणून चढण्याचे काम मेहुण्याच्या वाट्याला आले! पायथ्याशी नळीत जेवढा पारा होता, त्यापेक्षा शिखरावर तो आठ सेंटिमीटरहून थोडा अधिक खाली आला होता. आपल्या घाटातही हेच घडते. समुद्रकाठी पारा ७६ सेंटिमीटर उंच राहतो. महाबळेश्वरला तो ६५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. नळी नसेल तर वेफर्सची पुडी न्या. खाली ती साधी दिसते, पण वर पोहोचेपर्यंत उशीसारखी फुगते.

पडद्याच्या आतल्या बाजूला कानातही अशीच एक छोटी पुडी आहे. तेथील हवा घशाशी जोडणारी एक बारीक नळी असते. तिला कंठकर्णनलिका म्हणतात. मोठ्या माणसात ती सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब असते. ही नळी एरवी मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो, तेव्हा ती क्षणभर उघडते. बाहेरचा दाब कमी झाला आणि नळी मिटलेलीच राहिली, तर आतली हवा पडद्याला बाहेर ढकलते. ताणलेला पडदा नीट थरथरत नाही, म्हणून आवाज मंद वाटतात. नळी उघडली की 'टक्' असा आवाज होतो आणि सारे जग पुन्हा बोलू लागते.

पुष्कळ लोक घाट लागताच गाडीच्या काचा वर करतात. त्यांना वाटते, दाब बाहेर राहील. परंतु मोटार म्हणजे काही विमान नव्हे. विमानाची खोली घट्ट बंद असते आणि तिच्यात यंत्राने हवा भरतात. तरीसुद्धा आत समुद्रकाठाइतका दाब ठेवत नाहीत. तो पुष्कळदा १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका असतो. म्हणजे विमानात बसलेला माणूस कानांच्या हिशेबाने महाबळेश्वरच्याही वर असतो. मोटारीला तर फटी असतात आणि मागच्या बाजूला हवा बाहेर जाण्यासाठी मुद्दाम झरोके ठेवलेले असतात. काच बंद असो की उघडी, आतला दाब बाहेरच्या दाबाबरोबरच बदलतो. काच लावून धूळ अडते, घाट अडत नाही.

चढण्यापेक्षा उतरणे कानांना अधिक जड जाते, हे मला माझ्या भाच्यामुळे नीट कळले. तो तेव्हा सात महिन्यांचा होता. एका लग्नाहून आम्ही मामूंच्या जीपमधून घाट उतरत होतो. भाच्याला दोन दिवसांपासून सर्दी होती. वर असताना तो गाढ झोपला होता. निम्मा घाट उतरलो आणि त्याने एकाएकी टाहो फोडला. माझ्या बहिणीने त्याला खांद्यावर घेतले, खुळखुळा वाजवला, खिडकीबाहेरची माकडे दाखवली. छे! तो हातांनी कान ओढत होता आणि रडून लालबुंद झाला होता. अम्मी म्हणाली, "पोराला कोणाची तरी नजर लागली." मागून कोणीतरी सुचवले, "घरी गेल्यावर कानात कोमट तेल घाला."

मी मामूंना म्हटले, "मामू, जरा रुंद जागा बघून गाडी थांबवा. दहा मिनिटं थांबू या."

"मास्तरीणबाई, उशीर होईल," मामू म्हणाले. पण त्यांनी गाडी थांबवली.

बहिणीने बाळाला पाजायला घेतले. पहिले दोन घोट त्याने घेतलेच नाहीत. मग तो हुंदके देत देत पिऊ लागला. चार-पाच मिनिटांत त्याची मूठ सैल झाली. पुढे आम्ही गाडी सावकाश घेतली आणि वाटेत आणखी एकदा थांबलो. घरी पोहोचेपर्यंत तो पुन्हा रडला नाही.

असे का झाले? वर जाताना आतली हवा जोर करून नळीतून बाहेर पडू शकते. उतरताना मात्र बाहेरचा वाढता दाब त्या नळीचे तोंड दाबून धरतो. ती आपोआप उघडत नाही, तिला गिळून उघडावे लागते. लहान मुलांची नळी आखूड आणि अरुंद असते. सर्दीने ती सुजते. झोपेत माणूस कमी वेळा गिळतो. म्हणून उतरणीला लागण्यापूर्वी बाळाला जागे करावे, पाजावे किंवा पाणी द्यावे. मोठ्यांनी लिमलेटची गोळी चघळावी. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून अगदी हलकेच फुंकले तरी दडे सुटतात. पण जोराने फुंकू नये आणि सर्दी असताना तर हा प्रयोग करूच नये. कोमट तेलाचे म्हणाल, तर तेल पडद्याच्या बाहेर पडते आणि अडचण असते पडद्याच्या आत. दुसऱ्या दिवशीही कान दुखत असेल, कमी ऐकू येत असेल किंवा कानातून पाणी येत असेल, तर डॉक्टरांकडे जावे.

घाट नसतानाही गाडीत कानांवर दाब येतो. तुम्ही कधी मागच्या आसनावर बसून फक्त आपल्याच बाजूची काच उघडली आहे का? गाडीने वेग घेतला की 'धप्-धप्-धप्' असे ठोके सुरू होतात. ते ऐकू येतात त्याहून अधिक कानांवर आणि छातीवर आदळतात. काहींचे डोके दुखू लागते. माझी अम्मी अशा वेळी म्हणते, "गाडीत कोणी ढोल बडवतोय." खरे म्हणजे तेथे बाटली वाजत असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की ती घुमते. गाडी ही मोठी बाटली आणि उघडी काच हे तिचे तोंड. बाटली लहान म्हणून तिचा सूर ऐकू येतो. गाडी एवढी मोठी असते, की तिच्यातली हवा सेकंदाला साधारण १५-२० वेळाच आतबाहेर होते. आपल्या कानाला सेकंदाला २० पेक्षा कमी कंपने सूर म्हणून नीट ऐकूच येत नाहीत, ती धक्क्यासारखी जाणवतात. यावर उपाय सोपा आहे. दुसऱ्या बाजूची काच दोन बोटे खाली करायची. बाटलीला दुसरे भोक पडले की ती घुमत नाही.

उरला साधा गोंगाट. मामूंच्या जीपमध्ये तो भरपूर होता. एका रविवारी मामूंनी तिची झाडाझडती घेतली. मागच्या आसनाखाली जॅक आणि पाना सुटे पडले होते. ते गोणपाटात गुंडाळून बांधले आणि निम्मी खडखड थांबली. मग त्यांनी दाराच्या फटीत कागदाची पट्टी ठेवून दार लावले आणि पट्टी ओढली. पट्टी अडखळत आली तर दाराचे रबर चांगले आहे, सहज सुटली तर ते झिजले आहे. दोन दारांची पट्टी सहज सुटली. तेथूनच वारा शिट्टी घालत होता. मात्र एक आवाज मामूंनी घरी दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला नाही. सायलेन्सर फुटल्याची घरघर ऐकताच ते तडक गॅरेजमध्ये गेले. फुटक्या नळीतून येणारा धूर गाडीत शिरू शकतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. असा आवाज कानाला खुपतो, हे आपले नशीबच म्हणायचे.

माझ्या अब्बांनी ३० वर्षे मुंबई-गोवा रस्त्यावर ट्रक चालवला. त्या काळच्या ट्रकचे इंजिन चालकाच्या अगदी शेजारी असे. उकाड्यामुळे उजव्या हाताची काच सदा उघडी. डावीकडून इंजिन, उजवीकडून वारा आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे भोंगे. रोज दहा-बारा तास. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांहून जास्त राहू नये, असे जाणकार सांगतात. त्यात तीन डेसिबलची भर पडली की हा वेळ निम्मा होतो, आणखी तीन वाढले की पुन्हा निम्मा. अब्बांना हे कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते, तरी ट्रक उभा करून घर चालले नसते.

आपल्या प्रत्येक कानात, शंखासारख्या भागात, सुमारे १५ हजार केसाळ पेशी असतात. आवाजाचा निरोप त्या मेंदूकडे पाठवतात. सततच्या गोंगाटाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. त्यामुळे अब्बांना ट्रकचा आवाज दुरून कळतो, पण 'सहा' आणि 'दहा' यांतला फरक कळत नाही. मासळीबाजारात यावरून भांडणे होता होता राहिली आहेत. कोळीणबाई आता त्यांना बोटे दाखवूनच भाव सांगतात.

तपासणीच्या दिवशी अब्बांनी डॉक्टरांना विचारले, "हे दडे कधी सुटतील?" घाटात सुटतात तसे हेही एक दिवस 'टक्' करून सुटतील, असे त्यांना वाटत होते. डॉक्टरांनी कागदावरची खाली उतरत गेलेली रेघ दाखवली आणि हे दडे नव्हेत, असे समजावून सांगितले. अब्बा बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा तर कशेडी घाटाचा उतार झाला."

आता त्यांना कानामागे लावायचे यंत्र मिळाले आहे. गाडीत बसले की ते काढून खिशात ठेवतात, कारण त्यात वाऱ्याचा आवाज फार येतो. माझा भाचा आता सहा वर्षांचा आहे. त्याला आजोबांशी बोलायचे असते. म्हणून तो गाडीत चढल्याबरोबर आधी सगळ्या काचा वर करतो, अब्बांच्या खिशातले यंत्र काढून त्यांच्या हातात देतो आणि मग गोष्ट सांगायला सुरुवात करतो.