सायकलचे हँडल
सायकल घेताना माणूस रंग पाहतो, गिअर मोजतो. हँडल मात्र दुकानदार देईल तसे पत्करतो. मंद्रूपच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या पुढे वाळून दगडासारख्या होतात. त्यांवरून मी जाड टायरांची माउंटन बाइक हाकतो, तेव्हा हँडलाची थोरवी तळहातांना कळते. ते फार खाली असले, की अंगाचा भार मनगटांवर येतो, नस दबते, करंगळी बधिर होते. मग ऐन खड्ड्यात पकड राहायची कशी? म्हणून पाना घेऊन हँडल बोटभर उंच करावे. कोपर, मनगट आणि बोटे एका रेषेत राहतील अशा बेताने ब्रेकचे दांडे वळवावेत. पेच घट्ट आवळावेत. मूठ मात्र आवळू नये. सैल हाताखाली चाक आपली वाट आपण शोधते.